बारावीला ८५ टक्के, एफवायला तीन केटी: एडीएचडी असलेल्या कॉलेजच्या मुलांना नेमकी मदत कशी करायची

बारावीला ८५ टक्के मिळवलेला मुलगा एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पहिल्याच सेमिस्टरला तीन विषयांत गळपटतो (राहिलेला आणि पुन्हा द्यावा लागणारा विषय म्हणजे केटी), डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत, नाव लागतं आणि घरात एकच वाक्य फिरत राहतं: "डोकं आहे, पण करतच नाही." एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं लहानपणापासून अवघड जाणारी मेंदूची अवस्था, असलेल्या विद्यार्थ्याबाबत हे वाक्य निम्मं खरं असतं. डोकं आहे, आणि काय करायला हवं तेही त्याला चांगलं ठाऊक आहे. गाडी अडते ती ठाऊक असलेलं काम वेळेवर सुरू करण्यात, मध्येच न सोडण्यात आणि पूर्ण करून जमा करण्यात. म्हणूनच समज दिली, शपथा घातल्या, भिंतीवर टाइमटेबल चिकटवलं तरी चार दिवसांत सगळं जिथल्या तिथे येतं. मदत लागते ती काम अडतं त्याच जागी, त्याच वेळी.

बारावीपर्यंत हे झाकलं जातं. सकाळी क्लास, रविवारी टेस्ट, गैरहजर राहिलं की क्लासमधून घरी फोन, वही तपासायला सर, उठवायला आई. म्हणजे वेळ पाळण्याचं आणि आठवण ठेवण्याचं काम भोवतालची माणसं करत असतात. कॉलेजात ही माणसं एका झटक्यात बाजूला होतात. असाइनमेंटची तारीख सहा आठवडे लांब असते, हजेरीचा हिशेब टर्मच्या शेवटी होतो, आणि सरांनी लेक्चर संपता संपता सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकच लक्षात राहते.

यामागे मेंदूचं काम आहे. कपाळामागच्या भागात नियोजन, स्वतःला आवरणं आणि हातातली माहिती थोडा वेळ धरून ठेवणं या गोष्टी चालतात. त्या भागाला डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं लागतात, आणि एडीएचडीत त्यांचं नियमन वेगळं असतं. परिणाम असा की लांबचं फळ डोळ्यांपुढे उभंच राहत नाही. समोरचं, नवं किंवा अंगावर आलेलं तेवढं काम होतं. "मग गेम खेळताना चार तास लक्ष कसं लागतं?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. गेम दर काही सेकंदांनी निकाल देतो, अकाउंट्सचा धडा देत नाही. लक्ष आहे, ते हवं तिकडे वळवणं आणि वेळेवर काढून घेणं जमत नाही.

आधी खात्री करून घ्या

रक्ताच्या चाचणीत किंवा एमआरआयमध्ये एडीएचडी दिसत नाही. सविस्तर मुलाखतीवरून निदान होतं. १७ वर्षं किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीत लक्ष न लागण्याच्या ९ लक्षणांपैकी किंवा चंचलता-उतावळेपणाच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणं सहा महिने टिकून असावी लागतात, ती दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात (म्हणजे फक्त कॉलेजात नाही, घरीही), आणि त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. ही शेवटची अट महत्त्वाची. एफवायला येईपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि अचानक अभ्यास सुटला असेल, तर आधी नैराश्य, चिंता, झोप, थायरॉइड, गांजा-दारू, रॅगिंग असं काही आहे का ते बघावं लागतं. अर्थात यातलं काही एडीएचडीच्या जोडीनेही असू शकतं, आणि बऱ्याचदा असतं.

म्हणून पहिल्या भेटीला शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन जा. दुसरी-तिसरीतले "हुशार आहे, पण लक्ष देत नाही", "वस्तू हरवतो", "फार बडबड करते" असे शेरे डॉक्टरांना दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतात. लहानपण पाहिलेलं घरचं एक माणूस सोबत असू द्या. मुलींच्या बाबतीत जरा जास्त खोदून विचारा. वर्गात शांत बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीची तक्रार कुणी करत नाही, त्यामुळे तिचं निदान कॉलेजात गेल्यावर, कधी नोकरी लागल्यावर होतं. इंटरनेटवरच्या सहा प्रश्नांच्या चाचणीने शंका घ्यायला जागा आहे एवढंच कळतं.

औषध मनोविकारतज्ज्ञ देतात. चाचण्या आणि थेरपी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. ठाणे-नवी मुंबईपुरतं सांगायचं तर, ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे (नावाला बिचकू नका, तिथे रोज चालत येऊन चालत जाणारे पेशंट असतात), कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय आहे. खासगी तज्ज्ञ दोन्ही शहरांत आहेत. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: "मोठ्या मुलांचं एडीएचडीचं निदान करता का?" सगळेच करत नाहीत.

औषधाबद्दल

मिथाइलफेनिडेट हे जास्त वापरलं जाणारं औषध. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते. हळूहळू सुटणारी गोळी आठ ते बारा तास चालते. इथे एक चूक वारंवार होते. साधी गोळी सकाळी सातला घेतली, लेक्चरं झाली, आणि मुलगी अभ्यासाला बसते संध्याकाळी सातला. तेव्हा औषध कधीच उतरलेलं असतं, आणि मग "गोळीचा काही उपयोग नाही" असं ठरतं. म्हणून डॉक्टरांना दिवसाचं खरं वेळापत्रक सांगा: घरून कधी निघते, प्रॅक्टिकल कधी, अभ्यास कधी. उशिरा घेतलेली गोळी झोप उडवते, त्यामुळे मनाने वेळ बदलू नका. भूक मंदावते म्हणून नाश्ता गोळीच्या आधी पोटात जायला हवा. नाडी आणि रक्तदाब तपासायला हवा. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तो आवर्जून सांगा.

हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत, येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक केमिस्टकडे ते मिळत नाही. शेवटची पट्टी संपल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आठवडाभर आधी दुकानात फोन करा. मित्राची गोळी घेणं किंवा मित्राला देणं, दोन्ही धोक्याचं आणि बेकायदा आहे.

अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा हिशेब वेगळा. ते रोज घ्यावं लागतं, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे "परीक्षेपुरतं घेतो" हे इथे चालत नाही. सुरुवातीला मळमळ होऊ शकते. मन फार खचलं किंवा आत्महत्येचे विचार आले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. कोणतंही औषध परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घ्यायचं नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट हवी: गोळी बसवते, पण कशासाठी बसायचं हे गोळी ठरवत नाही. पुस्तकाऐवजी रील उघडलं तर तेही तितक्याच एकाग्रतेने बघितलं जातं.

जर्नल का राहतं आणि ते कसं पूर्ण होतं

बी.एस्सी.चं जर्नल, म्हणजे प्रयोगांची नोंदवही, घेऊ. इंजिनिअरिंगच्या सबमिशनलाही हेच लागू आहे. प्रयोग करताना या मुलांना सहसा अडचण येत नाही. हात चालू असतो, शेजारी पार्टनर असतो. घोळ होतो तो लॅबच्या दाराबाहेर. निरीक्षणं कधी रफ वहीच्या मागच्या पानावर, कधी पार्टनरच्या वहीत, कधी मोबाइलच्या फोटोत. "रविवारी बसून लिहू" म्हणता म्हणता दहा प्रयोग साठतात, आणि सर्टिफिकेशनच्या (जर्नल तपासून सही होण्याच्या) आदल्या रात्री सहाव्या प्रयोगाचे आकडे कुठे लिहिले होते तेच सापडत नाही.

उपाय लॅबपाशीच करायचा. निरीक्षणांसाठी एकच वही, तीही बॅगेच्या एकाच कप्प्यात. लॅबमधून निघण्याआधी त्या पानाचा फोटो पार्टनरला पाठवायचा, म्हणजे वही हरवली तरी आकडे राहतात. त्यानंतर स्टेशनकडे न जाता पार्टनरसोबत ४० मिनिटं लायब्ररीत बसायचं आणि निरीक्षण तक्ता, आकडेमोड, आलेख एवढंच करायचं. उद्देश आणि थिअरी नंतर. हा क्रम मुद्दाम उलटा आहे: थिअरी मॅन्युअलमध्ये कायम असते, थकलेल्या डोक्यानेही उतरवता येते, पण तक्त्यातला तिसरा आकडा गोल का केला होता हे दोन दिवसांनी कुणालाच आठवत नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला आत शिरताच आधीच्या प्रयोगावर सही घ्यायची. घरी जाऊन लिहू, हा बेत सोडूनच द्या. घरी पोचलं की अंघोळ, चहा, फोन, आणि काम पुन्हा शून्यापासून सुरू करायचं ओझं.

आधीच साठलं असेल तर एका कागदावर रकाने आखा. प्रत्येक प्रयोगासमोर चार घरं: तक्ता, आकडेमोड-आलेख, थिअरी, सही. जे झालंय त्यावर खूण करा. "काहीच झालं नाही" म्हणणाऱ्याचं बऱ्याचदा निम्मं झालेलं निघतं. मग जवळजवळ पुरे झालेले दोन प्रयोग आधी संपवा, सर्वात अवघड नाही. खाडाखोड झाली म्हणून पान फाडून पुन्हा लिहायचं नाही. सुबकतेच्या नादात कित्येक जर्नलं अर्धी राहतात.

शेजारी पार्टनर लागतोच का? हो. शेजारी कुणी आपलं काम करत बसलेलं असलं की या मुलांचं काम सरकतं. त्याने शिकवायची, टोकायची गरज नाही. म्हणून घरच्या बंद खोलीपेक्षा अभ्यासिका बरी. घरी बसायचं असेल तर दार उघडं, आणि आई किंवा बाबा त्याच टेबलावर आपली बिलं, हिशेब घेऊन बसलेले. सुरुवात १० मिनिटांपासून करा. २५ मिनिटांचा टायमर सगळीकडे सुचवला जातो, पण ज्याला सुरू करणंच जमत नाही त्याला २५ मिनिटंही डोंगर वाटतात. मोबाइल पालथा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत हवा.

"वाशीला अर्धा तास लागतो"

ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने साधारण अर्धा तास लागतो हे खरं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला राहणारा मुलगा नऊच्या लेक्चरसाठी तेवढाच अर्धा तास धरतो आणि साडेआठला घरातून निघतो. एडीएचडीत वेळेचा अंदाज असाच चुकतो: कामाचा सर्वात ठळक तुकडा तेवढा मोजला जातो. त्याच्यासोबत बसून उलटा हिशेब कागदावर मांडा. वर्गात ८:५५. वाशी स्टेशनवरून चालत १५ मिनिटं, म्हणजे ८:४० ला उतरायचं. म्हणजे ८:०५ ची गाडी. प्लॅटफॉर्मवर ७:५५. घोडबंदर रोड आणि माजिवड्याचं ट्रॅफिक धरून बसला तास, म्हणजे स्टॉपवर ६:५०. घर सोडायचं ६:४० ला. अलार्म दोन: एक उठायचा, दुसरा बूट घालायचा. बूट घालायचा अलार्म उठायच्या अलार्मपेक्षा जास्त कामाचा. उशीर होतो तो उठल्यानंतरच्या पाऊण तासात.

हाच हिशेब असाइनमेंटलाही लावा. "किती वेळ लागेल?" हे आधी लिहायचं, झाल्यावर खरा वेळ लिहायचा. दोन-तीन आठवड्यांत कळतं की आपला अंदाज दुपटीने चुकतो की तिपटीने. तेवढ्याने गुणायला लागायचं.

पेपरात

येतं ते सगळं पहिल्या प्रश्नात ओतायचं आणि शेवटचा कोरा सोडायचा, ही या मुलांच्या गुणपत्रिकेची ओळख. ६० गुणांचा पेपर दोन तासांचा असेल तर एका गुणाला दोन मिनिटं, १५ गुणांच्या प्रश्नाला अर्धा तास. पेपर हातात आला की उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, रफ काम म्हणून, प्रत्येक प्रश्न कधी सोडायचा ती वेळ लिहायची. पेपर अकराला सुरू झाला तर: ११:३०, १२:००, १२:३०. वेळ झाली की वाक्य अर्धं असलं तरी पुढचा प्रश्न, मागे थोडी जागा सोडून. हातात काट्यांचं घड्याळ हवं. स्मार्टवॉच आत नेऊ देत नाहीत. तयारी करताना नोट्स चौथ्यांदा वाचण्यापेक्षा जुन्या पेपरातला एक प्रश्न घड्याळ लावून लिहिणं जास्त पचतं.

कॉलेजकडे काय मागायचं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, त्यात आहेत. एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीवर जादा वेळेचा हक्क आपोआप मिळत नाही. पण बऱ्याच मुलांना दोन्ही असतं आणि वाचन-लेखनाची तपासणी कधी झालेलीच नसते. शब्द गाळून वाचणं, शुद्धलेखनाचा गोंधळ, लिहिण्याचा वेग फार कमी असं काही असेल तर ती तपासणी करून घ्या. अक्षमतेचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त निघालं आणि लिहिण्यात अडचण असेल, तर केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ ठेवला होता. ४० टक्क्यांहून कमी प्रमाण पण लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी २०२२ मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या होत्या. सध्या कुठल्या सूचना लागू आहेत ते कॉलेजात विचारून घ्या.

प्रमाणपत्र नसलं तरी मागण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते नेमकं मागावं लागतं. "सवलत मिळावी" अशा अर्जावर प्राचार्य काय करणार? असं लिहा: "सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. मला पुढील तीन गोष्टींची परवानगी मिळावी ही विनंती: असाइनमेंटच्या सूचना लेखी मिळाव्यात, अंतर्गत परीक्षेत पहिल्या बाकावर, दारापासून दूर जागा मिळावी, जर्नलवर दर आठवड्याला सही मिळावी." या तीन गोष्टींना कुणाचा पैसा लागत नाही. अर्ज टर्मच्या पहिल्या महिन्यात द्या आणि पोच घ्या. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेल्यावर, यादी लागल्यावर आणलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र कुणी मनावर घेत नाही. अर्ज मुलानेच द्यावा. पालक सोबत गेले तर दाराबाहेर थांबलेले बरे. बऱ्याच कॉलेजांत समान संधी कक्ष किंवा समुपदेशक असतो, तिथून सुरुवात सोपी जाते.

केटी साठल्या असतील तर सगळ्या एकदम फेडायचा हट्ट धरू नका. चार-सहा गुणांनी राहिलेला विषय आधी, कोरा सोडलेला विषय नंतर. चालू सेमिस्टरच्या अंतर्गत गुणांना हात लावू देऊ नका. ते थोडे थोडे करून मिळवता येतात आणि एकदा गेले की परत मिळवणं जड जातं. नव्या शैक्षणिक धोरणात मिळवलेले क्रेडिट (उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक) अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात, त्यामुळे एक सेमिस्टर थांबून उपचार बसवणं म्हणजे वर्ष वाया घालवणं, असं राहिलेलं नाही. थांबायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म आणि फीची मुदत मात्र विचारून घ्या.

घरात

"अभ्यास झाला का?" या प्रश्नाला उत्तर एकच असतं: "हो." त्याऐवजी विचारा, "आज कुठलं पुस्तक उघडायचंय? काढून ठेवू का?" पहिला प्रश्न हिशेब मागतो, दुसरा सुरुवात करून देतो. रोजच्या दहा आठवणींपेक्षा रविवारी २० मिनिटं एकत्र बसा: येत्या आठवड्यातल्या तारखा, त्यांतली एक अवघड गोष्ट, आणि तिला कोण सोबत बसणार. एवढंच. मागच्या निकालाचा विषय त्या २० मिनिटांत काढायचा नाही.

केटी लपवली, फी भरल्याचं खोटं सांगितलं, असंही होतं. "तू खोटारडा आहेस" म्हटलं की पुढची केटी आणखी खोल लपते. "निकाल काहीही असो, त्याच दिवशी सांगितलास तर आपण फक्त पुढचा फॉर्म कधी भरायचा ते बोलू" असं आधीच ठरवा, आणि पाळा. पहिल्याच वेळी बाबांचा आवाज चढला तर तो करार तिथेच संपतो. वर्षानुवर्षं "आळशी" ऐकलेली मुलं आतून फार खचलेली असतात. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं कानावर आलं तर ते नाटक समजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी डॉक्टरांनाही कळवा.

यातली प्रत्येक पद्धत कधी ना कधी बंद पडते, बहुतेक तिसऱ्या आठवड्यात, नवेपणा ओसरला की. तेव्हा "बघ, पुन्हा सोडलंस" म्हणण्याआधी नेमकं काय तुटलं ते शोधा. पार्टनर सुट्टीवर गेला? प्रॅक्टिकलची वेळ बदलली? गोळी संपली? झोप एकवरून तीनवर गेली? तुटलेली एक गोष्ट जोडा, बाकीच्यांना हात लावू नका. आणि परत सुरू करायचं काम आधीच लिहून ठेवा, वहीच्या पहिल्या पानावर, मुलाच्याच अक्षरात: उद्या किती वाजता, कुठे, कुणासोबत, कुठलं पान. चुकलेल्या दिवसांचा अभ्यास त्यात भरायचा नाही. बॅकलॉग भरायला बसलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत नाही.